डेटाबेसवाले म्हणतात रिडंडन्सी काढा, सर्व्हरवाले म्हणतात वाढवा. दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलतायत का?

कोरी_पाटी (धागाकर्ता)

एका संगणक-यंत्रणेच्या देखभालीची पुस्तिका मराठीत तयार होतेय. निरनिराळ्या लोकांनी मसुदे दिलेत आणि जिकडेतिकडे 'रिडंडन्सी' (ढोबळ अर्थ: जादापणा) आहे:

– डेटाबेसचं प्रकरण: "टेबलांमधली रिडंडन्सी काढून टाकावी."
– हार्डवेअरचं प्रकरण: "सर्व्हरला पूर्ण रिडंडन्सी आहे. दोन पॉवर सप्लाय, आणि ८ टीबीच्या सहा डिस्कांचं रेड ५." (रेड म्हणजे एखादी डिस्क मेली तरी डेटा राहावा म्हणून अनेक डिस्का एकत्र जोडणं.)
– त्याच पानावर खाली: "रिडंडन्सी असल्याने बॅकअप आठवड्यातून एकदा पुरे."
– ब्रिटनमधल्या शाखेच्या परिपत्रकातून: "दोन पदं रिडंडंट झाली आहेत."
– आणि समासात संपादकाचा शेरा: "ही तीन वाक्यं रिडंडंट, उडवा."

प्रश्न दोन. या सगळ्यांना बांधणारा एखादा समान अर्थ आहे का, की नुसतं नामसाधर्म्य? आणि हार्डवेअरची विधानं छापण्याआधी नेमकं काय तपासून घ्यावं?

---

पॅरिटी_बिट

बॅकअपवालं वाक्य आधी खोडा. ते चूक आहे, का ते खाली येतंय.

समान अर्थ आहे. एखादा भाग काढून घेतला आणि उरलेल्यावरून तो परत मिळवता आला, किंवा उरलेल्यावर काम निभावलं, तर तो भाग रिडंडंट. तो चांगला की वाईट हे या व्याख्येत येत नाही. ते ठरतं दोन प्रश्नांवर: जादा प्रत मूळ प्रतीशी जुळती ठेवायची जबाबदारी कोणाची? आणि ज्या बिघाडासाठी ती ठेवलीय तो बिघाड दोन्ही प्रतींना एकदम गाठू शकतो का?

रेड ५ घ्या. समजण्यापुरत्या तीनच डिस्क धरू. पहिलीवर १०११, दुसरीवर ०११०. तिसरीवर पॅरिटी: दोन्हीकडचा बिट सारखा असेल तर ०, वेगळा असेल तर १. म्हणजे ११०१. पहिली डिस्क मेली तर दुसरी आणि पॅरिटी यांच्यावर हीच क्रिया पुन्हा करा: ०११० आणि ११०१ मधून १०११ परत मिळतं. पॅरिटीत नवी माहिती काडीचीही नाही, म्हणजे डेटाबेसवाल्यांच्या भाषेत ती 'काढून टाकण्याजोगी' आहे. फरक इतकाच की प्रत्येक लिखाणाबरोबर ती कंट्रोलर (डिस्का सांभाळणारा भाग) स्वतः बदलतो, कोणाच्या लक्षात राहण्यावर ते अवलंबून नाही. तरी एक फट उरतेच. डेटा लिहून झाला आणि पॅरिटी लिहिण्याआधी वीज गेली तर दोन्ही जुळत नाहीत. याला राइट होल म्हणतात, आणि त्यासाठीच कंट्रोलरच्या कॅशला (तात्पुरत्या स्मृतीला) बॅटरी किंवा कपॅसिटर लागतो. मसुद्यात त्या बॅटरीचा उल्लेख आहे का बघा. ती मेली की बरेच कंट्रोलर राइट-बॅक (आधी कॅशमध्ये लिहून डिस्कवर नंतर उतरवणं) बंद करतात आणि "अचानक सर्व्हर हळू झाला" अशा तक्रारी सुरू होतात.

आता तुमच्या सहा डिस्का. रेड ५ मध्ये एक डिस्क-भर जागा पॅरिटीत जाते, हाताशी ४० टीबी उरतात. एक डिस्क गेली की उरलेल्या पाच पूर्ण वाचल्याशिवाय नवी भरता येत नाही, म्हणजे ४० टीबी वाचन. साध्या डिस्कच्या माहितीपत्रकात न वाचता येणाऱ्या बिटाचं प्रमाण १० च्या १४ व्या घातामागे एक, म्हणजे साधारण १२.५ टीबीमागे एक असं दिलेलं असतं. त्या हिशेबाने ४० टीबीत सरासरी तीनदा ठेच लागणार. सर्व्हरच्या डिस्कना बहुधा १५ वा घात असतो, तिथे निदान एकदा अडण्याची शक्यता साधारण चारात एक. हे आकडे निर्मात्याने दिलेली कमाल मर्यादा आहेत, प्रत्यक्षात डिस्का बऱ्याचदा यापेक्षा बऱ्या निघतात. पण त्या काळात रेड ५ कडे दुसरा आधार नसतो. ठेच लागली की काही कंट्रोलर पुनर्बांधणीच सोडून देतात, काही तेवढा ब्लॉक खराब म्हणून नोंदवून पुढे जातात. तुमचा कोणता, ते त्याच्या माहितीपुस्तिकेत सापडेल.

वेळेचंही तसंच. ८ टीबी सेकंदाला १५० एमबीने लिहायचे तर १५ तास, तेही सर्व्हरवर दुसरं काम नसताना. रोजचा भार चालू असेल तर दीड-दोन दिवस सहज जातात. एकाच खेपेतल्या, एकाच वयाच्या डिस्का असतील तर नेमक्या याच दिवसांत दुसरी जायची भीती जास्त, कारण सगळ्यांवर वाचनाचा ताण एकदम येतो. म्हणून या आकाराला रेड ६ घ्या: ३२ टीबी मिळतील, पण दोन डिस्का गेल्या तरी डेटा राहील. आणि महिन्यातून एकदा पूर्ण संचाची तपासणी, म्हणजे स्क्रब, लावून ठेवा. खराब सेक्टर पुनर्बांधणीच्या वेळी सापडण्यापेक्षा आधी सापडलेला बरा.

बॅकअपचं: रेड हा डिस्क मरण्यावरचा उपाय आहे, बास. चुकून दिलेली डिलीटची आज्ञा कंट्रोलर सहाही डिस्कांवर इमानेइतबारे पाळतो. रॅन्समवेअरने फाइली कुलूपबंद केल्या तर त्या कुलूपबंद फाइलींचीही पॅरिटी तो चोख काढतो. बॅकअप किती दिवसांनी घ्यायचा हे 'किती तासांचं काम पुन्हा करायची तयारी आहे' यावर ठरवा. त्याचा डिस्कांच्या संख्येशी संबंध नाही.

---

तिसरा_नॉर्मल

वरच्या कसोटीशी सहमत. डेटाबेसच्या बाजूने भर घालतो, कारण "रिडंडन्सी काढा" हे वाक्य जसंच्या तसं छापलं तर कोणीतरी नको तिथे कात्री चालवेल.

नेहमीचं उदाहरण: ऑर्डरच्या टेबलात प्रत्येक ओळीवर ग्राहक क्रमांक, नाव, फोन, वस्तू, दर, नग. एका ग्राहकाच्या २०० ऑर्डरी म्हणजे त्याचा फोन २०० वेळा. फोन बदलला, कोणीतरी नावावरून अपडेट चालवलं, तीन ओळींत नावाचं स्पेलिंग वेगळं होतं, त्या तीन राहिल्या. आता डेटाबेसमध्ये एकाच माणसाचे दोन फोन आहेत आणि खरा कोणता हे सांगणारं आत काहीच नाही. ही झाली अपडेटची विसंगती. अजून दोन असतात: ऑर्डर नाही म्हणून नव्या ग्राहकाची नोंदच करता येत नाही, आणि शेवटची ऑर्डर पुसली की ग्राहकही पुसला जातो. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल मॉडेल (डेटा टेबलांत मांडायची पद्धत) मांडलं, आणि अशा भानगडी टाळण्यासाठी टेबलं कशी फोडावीत हे सांगणारी नॉर्मल फॉर्म्स त्यातूनच आली.

टेबलात अशी गडबड आधीच झालीय का हे बघायचं तर एसक्यूएलमध्ये (डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेत) ग्राहक क्रमांकावर ग्रुप बाय करा, फोनवर काउंट डिस्टिंक्ट लावा आणि हॅविंगमध्ये एकाहून जास्त आलेले गट काढा. एक खोच आहे: काउंट डिस्टिंक्ट नल, म्हणजे रिकामी जागा, मोजत नाही. काही ओळींत फोन आहे आणि काहींत रिकामा, असा ग्राहक या यादीत येणारच नाही. तो वेगळा शोधा. हे केल्याशिवाय टेबल फोडू नका, नाहीतर विसंगती तशीच नव्या टेबलात जाऊन बसते.

आता कात्री कुठे चालवू नये. ऑर्डरच्या ओळीवरचा दर. तो वस्तूंच्या टेबलातही असतो म्हणून नवशिके हमखास काढून टाकतात. मग दर वाढला की मागच्या वर्षीची बिलं आज छापली तर नव्या दराने निघतात. तो दर 'त्या दिवशीचा' आहे, वस्तूंच्या टेबलातला 'आजचा'. पॅरिटी_बिट यांच्या कसोटीवर तपासा: काढला तर उरलेल्यावरून परत मिळत नाही. म्हणजे तो रिडंडंट नव्हताच, नुसता सारखा दिसत होता.

उलट इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) ही शंभर टक्के रिडंडन्सी आहे. कधीही पाडा, टेबलावरून पुन्हा उभा राहतो. पण तो जुळता ठेवणं डेटाबेसचं काम असल्यामुळे कोणाचीच त्याबद्दल तक्रार नसते, लिखाण थोडं हळू होण्यापलीकडे. मटेरियलाइज्ड व्ह्यू (एखाद्या प्रश्नाचं साठवून ठेवलेलं उत्तर) अधेमधे बसतो. बऱ्याच डेटाबेसांत तो ताजा करायला सांगावं लागतं. तुमचं वाक्य असं करा: "एकच वस्तुस्थिती दोन ठिकाणी हाताने भरावी लागू नये."

---

फेज_न्यूट्रल

वरचे दोन्ही प्रतिसाद डेटाबद्दल आहेत. वीज, पंखे, पंप, सेन्सर यांत 'परत मिळवणं' नसतं, तिथे फक्त दुसरा प्रश्न लागू होतो: दोन्ही एकदम जातील का? आणि "पूर्ण रिडंडन्सी" हे शब्द दिसले की तो प्रश्न कोणी विचारलेला नाही असं खुशाल समजा.

दोन पॉवर सप्लायबाबत या क्रमाने बघा.

पहिलं, क्षमता. सर्व्हर भरात ९०० वॅट घेतो आणि प्रत्येक सप्लाय ८०० वॅटचा आहे, असं असेल तर दोघं ४५०-४५० वाटून घेतात आणि सगळं आलबेल दिसतं. एक गेला की दुसऱ्यावर ९०० येतात आणि तोही जातो. हे नुसतं ओझं वाटून घेणं झालं. एकट्या सप्लायला पूर्ण भार पेलला पाहिजे.

दुसरं, वायरी. दोन्ही वायरी मागे हाताने धरून शेवटपर्यंत जा. एकाच पीडीयूत (रॅकमधल्या वीज वाटणाऱ्या पट्टीत), किंवा दोन पीडीयू पण एकाच यूपीएसवर, असं निम्म्या वेळा सापडेल.

तिसरं, ब्रेकर. विजेच्या दोन वेगळ्या जोडण्यांना (फीडना) अ आणि ब म्हणू. अ बाजूला ९ अँपिअर, ब बाजूला ८, दोन्हीकडे १६ चा ब्रेकर. मीटरवर दोन्ही अर्धे रिकामे. अ गेली की सगळे १७ अँपिअर ब वर येतात आणि थोड्या वेळाने तोही ट्रिप होतो. सततच्या भारासाठी ब्रेकरच्या ८० टक्के धरा, म्हणजे अ आणि ब ची *बेरीज* १२.८ च्या आत हवी.

चौथं, खरंच एक वायर उपटून बघा. ठरवून, पूर्वसूचना देऊन, भार असताना, आधी एक मग दुसरी, आणि मध्ये पहिली परत हिरवी झाल्याची खात्री करून. दर वेळी अलार्म कोणाच्या तरी हातात पोचला का हेही नोंदवा. जादा भाग मेला तरी सगळं चालूच राहतं, त्यामुळे तो मेल्याचं कळतच नाही. पिवळा दिवा चार महिने लागलेला आणि दुसरा सप्लाय गेल्यावर सगळे धावतात, हा या क्षेत्रातला सर्वांत नेहमीचा घोळ.

कागदावर हिशेब फार गोड दिसतो. एक यंत्र ९९ टक्के वेळ चालू, म्हणजे वर्षाला साधारण ८८ तास बंद. दोन समांतर लावली की ९९.९९ टक्के, वर्षाला ५३ मिनिटं. पण यातल्या दहात एक बिघाडाचं कारण दोघांना सामाईक असेल (तीच खोली, तेच फर्मवेअर, तोच तंत्रज्ञ) तर उत्तर ९९.८९ च्या आसपास येतं, म्हणजे साडेनऊ तास. दहापट फरक एवढ्याशा गृहीतकाने पडतो. तिसरं यंत्र आणून तो फारसा भरून निघत नाही, कारण सामाईक वाटा तसाच राहतो. तो वाटा तोडावा लागतो.

युरोपच्या एरियान ५ रॉकेटचं पहिलं उड्डाण, ४ जून १९९६. दिशा आणि वेग सांगणाऱ्या यंत्रणा दोन होत्या, एक कामावर आणि एक तयारीत. दोन्हींत तेच सॉफ्टवेअर. ६४ बिटांचा आकडा १६ बिटांत बसवताना तो मावला नाही, तयारीतली यंत्रणा आधी बंद पडली आणि क्षणार्धात त्याच कारणाने कामावरचीही. सुमारे ४० सेकंदांत रॉकेट संपलं. डिस्क, सप्लाय झिजून मरतात तेव्हा दुसरी प्रत कामी येते. चूक रचनेतच असेल तर दुसऱ्या प्रतीतही तीच चूक असते.

सेन्सरबद्दल एवढंच: दोन सेन्सर वेगळं सांगायला लागले तर काहीतरी चुकतंय हे कळतं, कोण चुकतंय हे कळत नाही. बहुमतासाठी तीन लागतात. प्रत्येकी ०.९ खात्रीचे तीन लावून दोघांचं ऐकलं तर ०.९७२ मिळतात. पण प्रत्येकाची खात्री ०.५ च्या खाली असेल तर बहुमत एकट्यापेक्षाही वाईट ठरतं.

---

अनुस्वार

संपादकाच्या शेऱ्याचं कोणी बोललं नाही म्हणून.

भाषेत रिडंडन्सी काठोकाठ भरलेली असते, आणि ती असावीही. "माझी धाकटी मुलगी काल आली" यात स्त्रीलिंग चार शब्दांनी सांगितलंय. फोनवर खरखरीत 'मुलगी' नीट ऐकू आलं नाही तरी 'धाकटी... आली' वरून मुलगा नव्हे हे कळतं. क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये इंग्रजीचा हिशेब मांडला तेव्हा सलग मजकुरातला साधारण निम्मा भाग भाषेची रचनाच ठरवते असं उत्तर आलं. याच जादा भागावर फाइल झिप होते. झिप झालेल्या फाइलीत एक बिट बिघडला तरी पुढचं बरंच वाया जातं, ते याच कारणाने: आधार काढून घेतलेला असतो.

'पिवळा पीतांबर', 'गाईचं गोमूत्र', 'पिन नंबर' यांत मात्र कुठलाच आधार वाढत नाही. पीतांबर ऐकू आला नाही तर नुसत्या 'पिवळा' वरून तो परत मिळत नाही. ते उडवा.

पुस्तिकेत मुद्दाम ठेवण्यासारखी रिडंडन्सी म्हणजे तारखेबरोबर वार, आणि आकड्याबरोबर अक्षरी आकडा. '५/६' चा अर्थ ५ जून की ६ मे हा घोळ 'सोमवार' लिहिल्याने बहुतेकदा उघड होतो. पण दोन प्रती वेगळं बोलल्या तर कोणाचं ऐकायचं हेही आधीच लिहून ठेवा. धनादेशावर अक्षरी रक्कम खरी धरायची हा जुना नियम त्यासाठीच आहे.

तपास-अंक हा त्याचाच आटोपशीर अवतार. पुस्तकावरचा १३ अंकी क्रमांक, आयएसबीएन, घ्या: ९७८०३०६४०६१५७. पहिल्या बारा अंकांना आळीपाळीने १ आणि ३ ने गुणून बेरीज करा, ९३ येते. पुढच्या दशकाला ७ कमी, म्हणून शेवटचा अंक ७. एखादा अंक चुकला तर हमखास पकडला जातो. शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल मात्र नेहमी नाही. याच क्रमांकात ६ आणि १ शेजारी आहेत. '६१' चं '१६' केलं तर १८+१ च्या जागी ३+६ येतं, बेरीज बरोबर १० ने घटते आणि तपास-अंक तसाच राहतो. अंकांतला फरक ५ असला की ही पद्धत आंधळी होते. यंत्रसामग्रीला स्वतःचे क्रमांक देणार असाल तर हे लक्षात ठेवा.

क्यूआर चिकटवणार असाल तर दुरुस्तीच्या चार पातळ्या असतात: साधारण ७, १५, २५ आणि ३० टक्के खराबी सोसणाऱ्या. यंत्रावर तेल-धूळ उडणार असेल तर शेवटच्या दोनपैकी एक घ्या. तेवढ्याच मजकुराला चौकट मोठी होते, म्हणून मजकूर छोटा ठेवा.

---

नियमावली

परिपत्रकातल्या शब्दापुरतं. ब्रिटनच्या १९९६ च्या एम्प्लॉयमेंट राइट्स अ‍ॅक्टच्या कलम १३९ मध्ये याची व्याख्या आहे: धंदा किंवा ते ठिकाण बंद होतंय, किंवा त्या प्रकारच्या कामाची गरज संपलीय वा घटलीय. व्यक्तीच्या कामाच्या दर्जाशी त्याचा संबंध नाही. म्हणून पदाबद्दल बोललंय ते बरोबर आहे, आणि मराठीत "दोन पदं अतिरिक्त ठरली" लिहा. "दोन कर्मचारी निरुपयोगी ठरले" असं काही चुकूनही नको. एका भाषांतरयंत्राने हेच दिलं तर नवल नाही. वैधानिक भरपाईसाठी सलग दोन वर्षं नोकरी लागते. ९० दिवसांत २० किंवा जास्त जण जाणार असतील तर पहिला माणूस जाण्याच्या किमान ३० दिवस आधी सामूहिक सल्लामसलत सुरू करावी लागते, १०० किंवा जास्त असतील तर ४५. दोन पदांना हे लागू नाही, वैयक्तिक सल्लामसलत मात्र टळत नाही.

---

कोरी_पाटी (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. हार्डवेअरचं वाक्य असं केलंय: "कोणतीही एक डिस्क किंवा कोणताही एक पॉवर सप्लाय बंद पडला तरी सर्व्हर चालू राहतो. हे तिमाहीला प्रत्यक्ष वायर काढून तपासावं. बॅकअप रोज, वेगळ्या जागी."

अजून एक वाक्य उरलंय: "डेटाबेसचे दोन सर्व्हर आहेत. पहिला बंद पडल्यास दुसरा आपोआप ताबा घेतो." हे असंच जाऊ द्यावं का?

---

तिसरा_नॉर्मल

नाही. दोघांतली नेटवर्कची वायर तुटली तर दुसऱ्याला पहिला मेल्यासारखाच दिसतो. तो ताबा घेतो, पहिला जिवंतच असतो, दोघंही लिखाण स्वीकारतात. नंतर ते एकत्र आणणं म्हणजे वर सांगितलेला दोन फोनांचा प्रकार, फक्त सगळ्या टेबलांत. तिसरा मतदार हवा, नुसता साक्षीदार (डेटा न ठेवता फक्त मत देणारा) असला तरी चालेल, म्हणजे ज्याच्याकडे तीनपैकी दोन मतं तोच लिहील. चार मतदार घेऊन तीनपेक्षा जास्त काही मिळत नाही, दोन बिघाड सोसायचे तर पाच लागतात.

शिवाय नक्कल सिंक्रोनस आहे (दुसऱ्याकडे पोचल्यावरच 'झालं' म्हणणारी) की असिंक्रोनस (आधी 'झालं' म्हणून मग पाठवणारी) ते लिहा. असिंक्रोनस असेल तर ताबा घेताना शेवटच्या काही सेकंदांची लिखाणं हरवू शकतात, आणि अपडेट चालवणाऱ्याला ती झाल्याचं उत्तर आधीच गेलेलं असतं.

---

फेज_न्यूट्रल

आणि तो साक्षीदार अ किंवा ब फीडवरच्या त्याच रॅकमध्ये ठेवू नका. ज्या सर्व्हरबरोबर त्याची वीज जाईल, त्याच्याबरोबर दोन मतं एकदम जातील आणि उरलेला सर्व्हर धडधाकट असूनही लिहायला नकार देईल.